नाव सांगू नका, गुण जाईल

पावसाळा ओसरला की ऊर्जानगरात संध्याकाळी धुराची गाडी फिरते. डास मारण्याचा पांढरा धूर सोडत ती क्वार्टरांच्या ओळींमधून जाते आणि कॉलनीतली सगळी पोरं तिच्या मागे त्या धुरात धावतात. डास मात्र आमच्या पडद्यामागे निवांत बसून धूर विरण्याची वाट पाहतात. पंधरवड्यापूर्वी आमची धाकटी सायमा त्या धुरातून घरात आली ती कुडकुडतच. बाहेर अंगाला घाम फुटावा असा उकाडा आणि ही दोन रजयांखाली दातावर दात वाजवते आहे. रक्त तपासलं. हिवताप. मी गोळी पुढे केली.

"अम्मी, नाव काय हिचं?"

"आधी गीळ."

"पण नाव काय?"

"नाव घेतलं की गुण जातो."

तापानं लाल झालेले डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची आई फार्मासिस्ट आहे. ऊर्जानगरच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं मेडिकल आहे आणि काउंटरच्या वर तिचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती गोळीचं नाव, वेळ आणि प्रमाण दोनदा सांगते. "तू शिकलेली आहेस ना?" सायमानं विचारलं. शिकलेली आहे. पण नाव न सांगण्याची ही विद्या मी ज्या बाईंकडून घेतली त्यांनी उभं आयुष्य औषधांच्या प्रयोगशाळेत काढलं होतं, हे त्या तापात तिला कसं समजावणार!

गोष्ट सावलीची, म्हणजे चंद्रपूरकडच्या आमच्या गावाची, दोन हजार सालाच्या आसपासची. मी नुकताच फार्मसीचा डिप्लोमा घेतला होता आणि अब्बांचं मेडिकल आता माझ्या नावावर चालत होतं. म्हणजे नाव माझं, गिऱ्हाईक अब्बांचं. सर्टिफिकेटकडे बघून लोक म्हणायचे, "फोटो चांगला आला पोरीचा," आणि औषध अब्बांनाच विचारायचे. त्याच वर्षी सुमित्राबाई निवृत्त होऊन गावी आल्या. धान पेरणाऱ्या घरातली ही मुलगी फार वर्षांपूर्वी शिकायला नागपूरला गेली आणि तिथून पुढे दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत औषधं शोधायला लागली. या विषयात बायका फारशा दिसत नव्हत्या तेव्हाची गोष्ट. हिवताप, हत्तीरोग, काळा आजार, म्हणजे जे आजार गरिबाच्या घरी मुक्कामाला येतात आणि जायचं नाव घेत नाहीत, त्यांवरच त्यांनी काम केलं. हिवतापाची एक गोळी तर मुळापासून त्यांची. ताप उतरला तरी त्याचे काही जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि पुढे कधीतरी पुन्हा उठतात. ही गोळी त्यांना तिथे जाऊन गाठायची. ती आमच्या दुकानात दुसऱ्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी होती. सुमित्राबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्या पट्टीकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. अब्बांना वाटलं, बाईंना खोकला झाला आहे.

सावलीच्या हिशेबात डॉक्टर म्हणजे सुई देणारा माणूस. ही बाई डॉक्टर म्हणवते आणि सुई देत नाही, हे काही लोकांच्या पचनी पडेना. सकाळी एखादी म्हातारी त्यांच्या ओसरीवर यायची आणि काही न बोलता जीभ बाहेर काढून उभी राहायची.

"आजी, मी तपासत नाही. मी औषधांवर संशोधन करते."

म्हातारी जीभ आत घ्यायची. "म्हंजे?"

"म्हणजे औषध शरीरात गेल्यावर काय करतं, कुठं जातं, किती वेळ राहतं, ते बघते."

"कुठी जाते मंग?"

आणि सुमित्राबाई सांगत बसायच्या. मनापासून, पोट, रक्त, यकृत असं सगळं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि शेवटी पुन्हा जीभ बाहेर काढायची. अब्बांना या प्रकाराचं फार कौतुक. त्यांनी दुकानात बाईंसाठी एक खुर्चीच ठेवली. त्या रोज सकाळी येऊन बसायच्या आणि लोकांच्या चिठ्ठ्या वाचून प्रत्येक गोळीचं नाव, काम आणि त्रास समजावून सांगायच्या. मळमळ होईल, डोकं दुखेल, लघवीचा रंग बदलेल. ऐकता ऐकता माणसाला ते सगळं तिथेच व्हायला लागायचं आणि तो गोळी न घेता घरी जायचा.

"बाई, तुम्ही माहं दुकान बसवून राह्यल्या," अब्बा हात जोडून म्हणायचे. पण खुर्ची कधी हलवली नाही.

खरी लढाई जुंपायची ती पथ्यावरून. आमच्या भागात औषध घेतलं की पहिला प्रश्न पथ्याचा. सुमित्राबाई म्हणायच्या, "पथ्य काही नाही. सगळं खा." आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. ज्याला पथ्य नाही ते कसलं औषध? मग अब्बा पुढे व्हायचे आणि गंभीर आवाजात सांगायचे, "वांगं बंद." माणूस खूश होऊन जायचा.

"रशीदभाऊ, या गोळीचा आणि वांग्याचा काय संबंध?"

"काई नाई बाई. पन वांगं बंद नाई केलं तं तो गोळी बंद करते."

यावर त्या दिवसभर अब्बांशी बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत हजर.

मला सावलीचा तो ऋतू अजून नाकाने आठवतो. धानाची रोवणी कधीच संपलेली असते. बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं, पाणी स्थिर झालेलं, धान पोटरीतून बाहेर पडून निसवलेला. सकाळी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चाललं की फुलोऱ्याचा एक वास येतो. गोड म्हणावा तर गोड नाही, कच्च्या दुधाजवळचा काहीतरी. पीक उभं आहे, कापणी लांब आहे, हाताला काम कमी आहे आणि नेमका तेव्हाच ताप गावात शिरतो. एकाआड एक दिवस येणारा हा ताप लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता की ते त्याला सांभाळून बेत ठरवायचे. "उद्या नाई जमत, उद्या माही पाळी आहे, परवा येतो," असं सोयरीक पाहायला जाणारा माणूससुद्धा सहज सांगायचा. पाळीच्या दिवशी दुपारी तो अंगणातल्या उन्हात घोंगडी घेऊन बसायचा, थरथर कापायचा, मग तापायचा, मग घामानं भिजायचा आणि संध्याकाळी उठून बैलांना पाणी दाखवायचा. आता ऊर्जानगरात फुलोऱ्याचा वास येत नाही. वीज केंद्राच्या राखेचा येतो. तरी धुराची गाडी आली की माझ्या नाकाला सावलीची सवय आठवते.

सुमित्राबाईंचे थोरले भाऊ दशरथभाऊ. घरात आता तेच. बायको वारलेली, मुलं नोकरीनिमित्त बाहेर. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. रोज पेपर वाचायचे, तोही पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. हा ताप त्यांना अनेक वर्षांचा सोबती होता. दर वेळी औषध सुरू करायचे आणि ताप उतरला की थांबवायचे. उरलेल्या गोळ्या धानाच्या कोठीवर डब्यात ठेवायचे आणि कोणी तापानं फणफणलेला पाहुणा आला की त्याला चहाबरोबर द्यायचे. पाहुणचार म्हणून.

त्या वर्षी मात्र तापानं त्यांना पार आडवं केलं. रुग्णालयात ठेवावं लागलं. सलाईन लागली, ताप उतरला, पण डॉक्टरांनी सुमित्राबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पानथरी, म्हणजे प्लीहा, फार वाढली आहे, अंगात रक्त उरलेलं नाही, हा ताप पुन्हा उलटला तर हे शरीर तो सोसणार नाही. दडून बसलेले जंतू संपवणारी गोळी पंधरवडाभर, एकही दिवस न चुकता, पोटात गेली पाहिजे. म्हणजे सुमित्राबाईंचीच गोळी. त्यांनी चंद्रपूरहून भावाचं रक्त तपासून आणलं, ती गोळी त्याला चालेल याची खात्री केली आणि आमच्या दुकानातून स्वतःच्या हाताने पट्टी घेऊन गेल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अब्बांनी मला फळांची पिशवी देऊन त्यांच्यासोबत पाठवलं, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

रुग्णालयातून घरी आणलेल्या भावाच्या खाटेजवळ त्या बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गोळीचं नाव सांगितलं, चांगलं लांबलचक नाव. ते का ठेवलं ते सांगितलं. ती यकृतात कशी जाते, तिथं काय करते, पोटात कळ आली तर घाबरायचं नाही, सगळं. दशरथभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि म्हणाले,

"संपलं. सारा गुण सांडला."

"काय झालं?"

"औषधीचं नाव घेतलंस तू. आता ते लागू होत नाई. ठेवून दे कोठीवर."

हे त्यांचं एकट्याचं खूळ नव्हतं. जंगलाच्या कडेच्या गावांतून जो जाणता झाडपाल्याचं औषध देतो तो पाल्याचं नाव कधी सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. सकाळी उपाशीपोटी, कोणाशी न बोलता जाऊन औषध काढायचं, पळसाच्या पानात बांधून द्यायचं, घेणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही. नाव फुटलं की औषध म्हणजे नुसता पाला. हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सुमित्राबाईंनाही लहानपणी ठाऊक असणार. पण जिथं त्यांनी आयुष्य घालवलं तिथं नाव नसलेल्या औषधाला कोणी दारात उभं करत नाही.

दोन दिवस त्या घरात नुसता गदारोळ. सुमित्राबाई एरवी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की बोली थेट सावलीची व्हायची. "काऊन असा करून राह्यला तू? मी काय वैरीण आहो का तुही?" दशरथभाऊ भिंतीकडे तोंड करून पडून. शेवटी त्या दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच कोणाला काही समजावलं नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते.

अब्बांनी तोडगा काढला. "बाई, सोपं आहे. त्याले सांगा का चुकून दुसऱ्याच गोळीचं नाव घेतलं. हिचं नाव तुले सांगतलंच नाई."

"खोटं सांगू?"

"खोटं कायले? दवाईचाच भाग समजा."

"रशीदभाऊ, औषधाबद्दल मी आजवर कुणाला खोटं सांगितलं नाही. आता भावाला सांगू?"

मला तेव्हा बाईंचा राग आला होता. भाऊ जातो आहे आणि ही बाई खऱ्याखोट्याचा घोळ घालते आहे. बोलून दाखवणारच होते, पण त्या उठून गेल्या. मीही मागोमाग गेले. घरी गेल्यावर त्या भावाच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि रडत म्हणाल्या, "माय याच तापानं गेली, भाऊ. मी ही गोळी कोणासाठी केली?"

दशरथभाऊ कूस बदलून त्यांच्याकडे वळले. त्यांना बोलताना धाप लागत होती.

"मायले जंगलातलं औषध लागू पडून राह्यलं होतं, सुमे. उठून बसली होती ते. तू शाळेतून आली अन् तिच्या गळ्यात पडून विचारत बसली, कोणता पाला आहे, नाव सांग, नाव सांग. तिनं सांगून टाकलं. पोरीले नाई म्हणता आलं नाई तिले." थोडं थांबून ते म्हणाले, "मी कधी बोललो नाई तुले. आता बोलून गेलो."

सुमित्राबाई उभ्याच्या उभ्या खाली बसल्या. मी परकी, दाराच्या चौकटीला धरून उभी. काय करावं ते सुचेना, म्हणून तिथे पडलेली परवाची फळांची पिशवी उचलून घडी घालत राहिले. एवढी वर्षं हा माणूस ते मनात ठेवून बसला होता. बहिणीला शिकायला त्यानंच पाठवलं होतं. ती आली की तिच्यासाठी नवा तांदूळ काढून ठेवायचा. आणि मनात हे होतं.

मला वाटलं आता त्या भांडतील. पाल्यानं काही होत नव्हतं, माय तशीही वाचली नसती, असलं काहीतरी शास्त्राचं बोलतील. त्या इतकंच म्हणाल्या, "नाव फुटलं तर त्यावर काही उतारा असते का?"

"असते."

"काय?"

"देणाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून काढून आणावं लागते. उपाशी. घरापासून औषधीपर्यंत अन् औषधीपासून घरापर्यंत एक शब्द नाई. कोणी बोलवलं अन् बोललं का मागं फिरायचं, पुन्हा घरून निघायचं. अन् रोजची औषधी रोज काढायची. सारी एकदम नाई."

"बरं," सुमित्राबाई म्हणाल्या. "उद्यापासून."

दुसरा दिवस नेमका बाजाराचा. सुमित्राबाईंचं घर गावाच्या एका टोकाला, आमचं दुकान दुसऱ्या, आणि मध्ये अख्खा बाजार. शिवाय या बाईंनी गेले काही महिने सगळ्या गावाला सवय लावलेली की दिसल्या की विचारायचं आणि विचारलं की त्या उत्तर देणारच. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होते. पांढरी साडी, हातात पळसाचं पान, ओठ घट्ट मिटलेले. टोपल्या विकणाऱ्या बाईनं हाक दिली, "औषधीवाल्या बाई! ते लाल गोळी घेतली का पोटात गुडगुड होते माह्या!"

"जेवणाआधी घेता की नंतर?" सुमित्राबाई म्हणाल्या आणि जागच्या जागी थिजल्या. मग मुकाट्यानं घरी परतल्या.

दुसऱ्या खेपेला शाळेतले मास्तर आडवे आले. नमस्कार म्हणाले. यांच्याही तोंडून नमस्कार निघून गेला. परत घरी. तिसऱ्या खेपेला बाजार जवळजवळ पार झाला होता. आमच्या दुकानासमोरच मिरचीवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "ताप उतरला का गोळी बंद करायची. उरली ते घरात ठेवायची, कामी येते." सुमित्राबाईंनी दोन पावलं सोसलं. तिसऱ्याला त्या गर्रकन वळल्या, "अजिबात नाही!" आणि मिरचीच्या ढिगासमोर उभं राहून त्यांनी त्याला अर्धवट सोडलेल्या औषधाचे परिणाम असे ऐकवले की त्यानं घाबरून मापापेक्षा जास्त मिरची तोलून दिली. मग त्यांच्या लक्षात आलं. ऊन चढलं होतं, पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या मिरचीवाल्याच्या पोत्यावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अब्बांनी काउंटरची फळी उचलली आणि ते बाहेर आले. माझे अब्बा दुकान उघडं टाकून फक्त नमाजाला जातात. ते त्या दिवशी बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले. "दशरथभाऊची औषधी जाऊन राह्यली. बाईले कोणी टोकू नका." एवढंच प्रत्येकाला सांगितलं. कोणी का म्हणून विचारलं नाही. ते तिथं कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

चौथ्या खेपेला सुमित्राबाई बाजारात शिरल्या आणि बाजार गप्प झाला. भाव करणारे अर्ध्यात थांबले. कोथिंबीरवालीनं तोंडावर पदर धरला. पाय बांधलेल्या कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या, त्यांच्यावरही कोणीतरी टोपली टाकली. मिरचीवाल्यानं शिंक आली तर दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि बिचारा लालबुंद झाला. त्या रस्त्यातून त्या सरळ बघत चालत आल्या. दुकानात येऊन त्यांनी बोटानं दुसरी फळी दाखवली. मी एक गोळी पट्टीतून काढली आणि पळसाच्या पानात ठेवली. नाव, वेळ, प्रमाण, काही म्हणजे काही बोलले नाही. कॉलेजात असं केलं असतं तर परीक्षेत नापास झाले असते.

अब्बांच्या इशाऱ्यावरून मी थोडं अंतर ठेवून मागोमाग गेले. दशरथभाऊ उठून खाटेवर बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं, गोळी पाहिली आणि विचारलं,

"पथ्य?"

गोळी पोटात जाईपर्यंत सुमित्राबाईंना बोलायचं नव्हतं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, टोपलीतली सगळी वांगी ओटीत घेतली, मागच्या दारी आल्या आणि गाईपुढे टाकली.

दशरथभाऊंनी समाधानानं गोळी गिळली. संध्याकाळी मी अब्बांना वांग्यांचं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की माझ्या अम्मीनं आतून विचारलं, ठीक आहे ना सगळं.

पंधरवडाभर हे रोज चाललं. पुढे तर सकाळी सुमित्राबाई दिसल्या की पोरं गोट्या खेळतानासुद्धा खुणांनी भांडायची. बाहेरगावचा एखादा माणूस बोलायला गेलाच तर चारचौघं त्याला धरून बाजूला न्यायचे. एकही दिवस चुकला नाही, एकही गोळी कोठीवर गेली नाही. अर्ध्यावर औषध सोडण्यात ज्या गावाचा हात कोणी धरला नसता, त्या गावानं एका माणसाची पट्टी शेवटच्या गोळीपर्यंत नेली. शेवटच्या दिवशी दशरथभाऊ काठी टेकत धुऱ्यापर्यंत जाऊन आले. आणि सुमित्राबाई दुपारपासून अशा बोलायला लागल्या की अब्बा म्हणाले, पंधरवड्याचं सारं साचलेलं आजच काढून राह्यल्या.

वर्ष गेलं. पुन्हा रोवणी झाली, पुन्हा धान निसवला. त्या ऋतूत आम्ही सगळेच न बोलता दशरथभाऊंकडे बघत होतो. ताप यायचा असेल तर आताच. सुमित्राबाई खुर्चीत बसायच्या, पण लक्ष रस्त्याकडे. एका सकाळी दशरथभाऊ स्वतः दुकानात आले. अंगावर मांस चढलेलं, धोतराला बांधीचा चिखल. बहिणीसमोर उभे राहिले आणि काही प्रस्तावना न करता त्यांनी त्या गोळीचं नाव घेतलं. ते लांबलचक नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

सुमित्राबाई बघतच राहिल्या. "तुझ्या लक्षात आहे?"

"तू सांगतलं तेव्हाच ध्यानात राह्यलं. बहिणीनं काढलेली औषधी, नाव विसरीन का मी?" मग जरा जवळ येऊन म्हणाले, "शेवटची गोळी घेतली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज नाव घेऊन राह्यलो. रोज सकाळी. बांधीत उभा राहून, मोठ्यानं."

"काऊन?" त्यांच्या तोंडून बोलीच निघाली, पण या वेळी त्यांना राग आला नव्हता.

"पाहू म्हटलं गुण जाते का. नाई गेला. बारा महिने झाले, ताप नाई." दशरथभाऊ काउंटरच्या लाकडावरून हात फिरवत होते. "नावानं काई होत नाई, सुमे. तू विचारलं म्हणून माय नाई गेली."

अब्बा एकदम मागच्या फळीवर काहीतरी शोधायला लागले. मी आयुष्यात त्यांना कारण नसताना बाटल्या पुसताना तेवढं एकदाच पाहिलं.

एका माणसावर, एका ऋतूत केलेल्या प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, हे सुमित्राबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हेच दुसऱ्या कोणाला तासभर समजावून सांगितलं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त भावाचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. दुकानात आलेली गिऱ्हाइकं पायरीवरच थांबली. त्यांना वाटलं, आजही औषधी जाते आहे.

काल सायमानं शेवटची गोळी गिळली, तोंड उघडून रिकामी जीभ दाखवली आणि म्हणाली, "आता सांग." मी गोळीचं नाव सांगितलं. मग दशरथभाऊंचं आणि सुमित्राबाईंचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, रजई बाजूला केली आणि पहिला प्रश्न विचारला, आता वांग्याची भाजी करशील का.